गढीची माती कुणाची?

  

आज आपण गढीबद्दल बोलू या. किल्ला म्हटला की रायगड, शिवनेरी, प्रतापगड ही नावं ओठावर येतात. ते डोंगरावरचे, राजांचे किल्ले. पण सपाटीवरच्या गावांना डोंगर कुठला? मराठवाडा, वऱ्हाड, खानदेश, नगर, सोलापूर या भागांत गावावर धाड आली तर माणसांनी पोरंबाळं घेऊन जायचं कुठं? म्हणून गावातल्याच एखाद्या उंचवट्यावर मातीचा छोटा किल्ला बांधला जाई. आत देशमुखाचं, देशपांड्याचं नाहीतर पाटलाचं घर, आणि भोवती बुरूज असलेला जाड तट. हीच गढी.

आज कितीतरी गावांत गढी म्हणजे बाभळी-घाणेरीनं भरलेलं पांढरं टेकाड उरलं आहे. पोरांना आपण सांगतो, तिकडं जाऊ नका, साप आहेत. मोठी माणसं तिथं जातात ती माती आणायला. कुणी ट्रॉली भरून शेतात टाकतं, कुणी घराच्या भरावाला नेतं, आपण बाया चुलीला आणि सारवायला पाटीभर आणतो. असं पाटी-पाटीनं आणि ट्रॉली-ट्रॉलीनं गढी गावातून निघून चालली आहे. ती पुरती जाण्याआधी तिच्यात काय आहे, ते आज समजून घेऊ.

आधी गढी पाहायची कशी, ते सांगते. खालून सुरुवात करा. बहुतेक ठिकाणी तटाचा खालचा भाग दगडाचा दिसेल, कधी घडीव चिऱ्यांचा, कधी ओबडधोबड दगडांचा. पाण्यापासून पायाचं रक्षण व्हावं म्हणून तो दगडाचा. त्यावर पांढऱ्या मातीची भिंत, खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली. कोपऱ्यांवर गोल बुरूज. बुरूज गोल का? कारण गोलाच्या आतून तिन्ही बाजूंना नजर ठेवता येते आणि तटाला भिडलेला माणूस दिसतो. भिंतीत तिरकी, अरुंद भोकं असतील तर त्या जंग्या. आतून बंदूक रोखायला सोपं आणि बाहेरून नेम धरायला अवघड. तटाच्या वर, आतल्या बाजूनं चालायला वाट असते, तिला फांजी म्हणतात.

आता दरवाजा बघा. मोठ्या दारात एक लहान दार असतं, तो दिंडी दरवाजा. रोजची ये-जा त्यातून. वाकून आत यावं लागतं, म्हणजे शत्रू असला तर तो आधी मान पुढं करतो! दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीत खोल चौकोनी भोक सापडलं तर हात घालून बघू नका, पण ओळखून ठेवा. ती अडसराची जागा. भलामोठा लाकडी अडसर त्यात सरकवला की दार आतून पक्कं. दारामागे पहारेकऱ्यांच्या देवड्या. आत चौक, सोपा, माजघर, वर माळवद. आणि दोन गोष्टी हमखास : पाण्याचा आड, आणि धान्य साठवायला पेव नाहीतर बळद. वेढा पडला तर तलवारीच्या आधी पाणी आणि जोंधळा लागतो, हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

मातीच्या भिंतीला आपण कच्चं बांधकाम म्हणतो. पण त्या काळात माती ही कमकुवत मानली जात नव्हती. तोफेचा गोळा दगडी भिंतीवर आदळला की चिरे फुटतात, उडतात आणि भगदाड पडतं. जाड मातीच्या भिंतीत तोच गोळा रुतून बसतो. याचा मोठा पुरावा राजस्थानात भरतपूरला मिळाला. १८०५ साली इंग्रज सेनापती लेक यानं त्या मातीच्या किल्ल्यावर चार वेळा हल्ला केला आणि चारही वेळा त्याला मागं फिरावं लागलं. भरतपूरच्या राजाच्या सोबतीला होते आपले यशवंतराव होळकर. त्यांचा जन्म पुणे जिल्ह्यातल्या वाफगावच्या भुईकोटातला. म्हणजे मातीच्या आणि सपाटीवरच्या तटाची किंमत त्यांना लहानपणापासून माहीत असणार.

आपल्याकडचं उदाहरण चाकणचं. तिथला संग्रामदुर्ग हा भुईकोट, म्हणजे सपाटीवरचाच किल्ला. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेनं त्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा आतल्या थोड्या माणसांनिशी जवळजवळ दोन महिने लढला. शेवटी मोगलांनी भुयार खणून, सुरुंग लावून एक बुरूज उडवला, तेव्हा कुठं किल्ला पडला. डोंगराचा आधार नसताना एवढा तग धरला गेला.

आता ही भिंत उभी राहिली कशी, ते बघू. पांढरी माती खणायची, त्यात भुसा, शेण आणि पाणी घालायचं, पायांनी तुडवायची. चांगली मुरली की थर द्यायचा. तो सुकला की त्यावर दुसरा थर. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी वरचा माथा लिंपून घ्यायचा, नाहीतर पाणी आत मुरतं आणि भिंत फुगते. मैत्रिणींनो, हे काम तुम्हाला नवं नाही. घराची भिंत लिंपणं, धाब्याला माती टाकणं, माळवदाला गळती लागली तर कुठं थापायचं ते ओळखणं, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या बायांच्या हातात आहे. बखरीत बांधणाऱ्या धन्याचं नाव येतं. पाणी वाहणारीचं आणि माती तुडवणाऱ्याचं येत नाही.

इथं एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. गढी म्हणजे फक्त आसरा नव्हता. ती सत्तेची जागा होती. सारा तिथंच गोळा व्हायचा, धान्य तिथंच भरलं जायचं, निवाडे तिथंच व्हायचे. बांधकामाला आणि डागडुजीला गावातल्या बलुतेदारांना, गोरगरिबांना वेठीला धरलं जायचं. वेशीवर रात्रभर पहारा कुणाचा? वेसकराचा, म्हणजे महार समाजातल्या माणसाचा. आणि त्याचं स्वतःचं घर कुठं? गावकुसाबाहेर. जो दार लावून गाव राखायचा, तोच दाराच्या बाहेर राहायचा. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द आजही आपल्या बोलण्यात आहे. त्यातलं कुसू म्हणजे हीच गावाभोवतीची भिंत. गढीच्या आतल्या बायांनाही मोकळीक नव्हती. मोठ्या घरच्या सुनेनं सोप्यापर्यंतसुद्धा यायचं नाही, अशी रीत पुष्कळ ठिकाणी होती. गढीचा अभिमान बाळगायचा तर हे सगळं धरूनच. वेठ झाकून ठेवली तर तो अर्धाच इतिहास.

पण याच मातीच्या भिंतींआड मोठ्या बाया जन्मल्या आणि घडल्या, हेही खरं. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांचा वाडा आहे. तिथं १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला. आजही १२ जानेवारीला तिथं गर्दी लोटते. वेरूळला मालोजीराजे भोसल्यांच्या गढीचे अवशेष आहेत. आपण लेणी बघून परत येतो, गढीकडे फारसं कुणी वळत नाही. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडजवळच्या चौंडी गावात माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या. चौंडीची गढी डागडुजी करून राखली आहे. पाटलाच्या घरात सारा, तंटे, पाऊसपाणी, कोतवाल, वेसकर हे सगळं रोज कानावर पडायचं. पुढं इंदूरचं राज्य चालवणाऱ्या बाईनं गाव कसं चालतं हे आधी एका खेड्यात पाहिलं होतं.

आणि एक गढी तर बाईनं लढवली. बेळगाव भागात बेलवडी नावाचं गाव आहे. १६७८ साली शिवाजीमहाराजांची फौज दक्षिणेच्या मोहिमेवरून परतत होती. सामान वाहणाऱ्या बैलांवरून तिथल्या देसाई घराण्याशी कुरबूर झाली आणि वेढा पडला. देसाई मेल्यावर त्याच्या बायकोनं गढी सोडली नाही. मराठी लिखाणात तिचं नाव सावित्रीबाई, कन्नड मुलखात तिला मल्लम्मा म्हणतात. सत्तावीस दिवस ती लढली असं सांगतात. तेव्हाच्या राजापूरच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रातही या बाईचा उल्लेख आहे. मोठमोठी राज्यं जिंकणाऱ्याला ही एक देसाईण आवरत नाही, याचं त्यांना नवल वाटलं होतं. शेवटी गढी पडली. वेढ्याचा सरदार सखुजी गायकवाड यानं तिच्याशी गैर वागणूक केली, तेव्हा महाराजांनी आपल्याच सरदाराला कडक शिक्षा केली आणि तिला सन्मानानं वागवलं, असं सांगतात. धारवाडजवळच्या यादवाड गावात या प्रसंगाचं म्हणून एक शिल्प दाखवतात. शत्रूच्या बाजूनं लढलेली बाईसुद्धा आपल्या इतिहासात मानानं येते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अशी घर आणि किल्ला एकातच असलेली बांधकामं फक्त आपल्याकडेच नाहीत. युरोपातल्या आयर्लंड या बेटावर गावोगावी दगडी बुरूज-घरं आहेत. एकावर एक तीन-चार खोल्या, खाली कोठार, वर राहायची जागा, मधे गोल अरुंद जिना, भोवती गुरं कोंडायला भिंतीचं आवार. १४२९ साली इंग्लंडच्या राजानं तिथल्या आपल्या ताब्यातल्या भागात असा बुरूज बांधणाऱ्याला दहा पौंड अनुदान जाहीर केलं होतं. बुरूज किमान २० फूट लांब, १६ फूट रुंद आणि ४० फूट उंच हवा, अशी अट होती. घरकुलाच्या अनुदानाला जशी मापं असतात, तशीच! तिथंही एक बाई होती, ग्रेस ओमॅली. समुद्रकाठच्या आपल्या चार मजली बुरुजातून तिनं १५७४ साली इंग्रजांची तुकडी परतवून लावली. पुढं १५९३ साली ती इंग्लंडच्या राणीला समोरासमोर भेटली. तिचा तो बुरूज आजही उभा आहे.

तो उभा राहिला कारण तो दगडाचा. आपली गढी मातीची. दगडाचं घर ओस पडलं तरी शेकडो वर्षं टिकतं. मातीच्या घराचं छप्पर गेलं, वर्षाचं लिंपण थांबलं, की ते पावसागणिक खाली येतं. म्हणून आपल्याला त्यांच्यापेक्षा लवकर जागं व्हायला हवं.

आपल्या गढ्या ओस का पडल्या? १८१८ साली पेशवाई गेली, पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला, धाडींची भीती ओसरली. तटाचं काम संपलं. इंग्रजी अमलात सारा मामलेदाराच्या कचेरीत जाऊ लागला. स्वातंत्र्यानंतर वतनं गेली. मुंबई राज्यात देशमुख-देशपांड्यांची १९५० च्या कायद्यानं, पुढं महाराष्ट्रात पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं. हे चांगलंच झालं, कुणाला जन्मानं हक्क आणि कुणाला जन्मानं वेठ, हे थांबायलाच हवं होतं. पण वतनाबरोबर डागडुजीचा पैसा गेला. भाऊबंदकीत खोल्यांची वाटणी झाली, मुलं शहरात गेली, तुळया आणि नक्षीचे खांब विकले गेले. उरली माती.

आता त्या मातीकडे येऊ. आपल्या जुन्या बोलीत गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. वस्तीची माती पांढरी का? एकाच जागेवर शेकडो वर्षं माणसं राहिली. चुलीची राख, शेण, गुरांचं मूत, पडलेल्या भिंती, हाडं, सगळं त्याच जागी मुरत गेलं. म्हणून ती भुसभुशीत, राखाडी-पांढरी असते, आणि म्हणूनच शेतात टाकली की पीक जोमात येतं. शेतकऱ्याचं निरीक्षण चूक नाही. पण ज्या कारणानं ती माती सुपीक आहे, त्याच कारणानं ती इतिहासाची वही आहे. गढ्या पुष्कळदा अशा जुन्या पांढरीवरच बांधल्या गेल्या. तेव्हा वर गढी तीन-चारशे वर्षांची असेल, पण खालचं टेकाड त्याहून कितीतरी जुनं असू शकतं.

पांढरी किती जुनी असू शकते, ते पुणे जिल्ह्यातल्या इनामगावनं दाखवलं. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून कित्येक वर्षं तिथं खणलं. जवळजवळ साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव सापडलं. घरांचे नकाशे, चुली, धान्याचे दाणे, कोठार, पाण्याचा पाट, आणि गावाच्या रक्षणासाठी घातलेली भिंतसुद्धा. एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची डबी मिळाली, तिच्यात मातीची स्त्रीमूर्ती जपून ठेवलेली. कुण्या एका बाईनं ती तिथं पुरली असेल का, असा विचार मनात येतोच. त्या पांढरीवर कुणी आधीच ट्रॅक्टर घातला असता तर डबीही गेली असती आणि तिची गोष्टही.

आणखी एक धोका म्हणजे गुप्तधन. गढीत हंडे पुरलेत या वेडापायी रात्री-बेरात्री बुरूज पोखरले जातात. लक्षात ठेवा, जमिनीत सापडलेला जुना ठेवा लपवणं हा १८७८ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. अशा कामात बळी बाईचा किंवा लेकराचाच शोधला जातो, म्हणून आपण तर डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत.

आणि माती आणणाऱ्या बहिणींना एक कळकळीचं सांगणं. भिंतीच्या बुंध्यातून माती काढू नका. खालून पोखरलं की वरची भिंत झुलती राहते आणि आवाज न करता अंगावर येते. पावसाळ्यात आणि पावसानंतर तर त्या बाजूला जाऊच नका. पोरांना पाठवू नका.

मग आपण काय करू शकतो? गढी पुन्हा बांधायला लाखो रुपये लागतील, ते आपल्याकडे नाहीत. पण चार कामं बिनपैशाची आहेत.

पहिलं, नोंद. गटातल्या दोघी-तिघींनी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. दरवाजा, बुरूज, आड, शिलालेख असेल तर तो, सगळ्याचे. काढल्याची तारीख लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा काढा. किती गेलं ते आपोआप दिसेल.

दुसरं, आठवणी. गावातल्या वयस्कर बायांना विचारा. गढीच्या आडाचं पाणी कोण भरायचं? कुणाला भरू देत नव्हते? आत कोण कामाला जायचं, काय मिळायचं? मराठवाड्यातल्या असाल तर रझाकारांच्या दिवसांत गाव कुठं लपलं होतं, तेही विचारा. वाड्यातल्या आजीची आठवण घ्या आणि वेशीबाहेरच्या आजीचीही घ्या. दोन्ही शेजारी-शेजारी लिहा.

तिसरं, ग्रामसभा. गढी कुणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. खाजगी असेल तर त्या घराशी गोडीनं बोला, तो त्यांचा वारसा आहेच. पण मालकीची असली तरी माती यंत्रानं उपसून नेणं हे गौण खनिजात येतं, तहसीलदारांच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथं ठराव मांडा : गढीची माती काढायची नाही, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं पाहणी करावी. बायांच्या सभेतला ठराव ग्रामसभेपुढं ठेवावा लागतो.

चौथं, पाणी. गावानं आणि मालकानं मिळून वर साचणारं पाणी बाजूला काढून दिलं, भिंतीत मुळं घालणारी झाडं लहान असतानाच छाटली, तरी भिंतीचं आयुष्य वाढतं. सिमेंट मात्र थापू नका. मातीला श्वास लागतो. सिमेंटच्या आड ओल कोंडते आणि भिंत आतून सडते.

गढीची माती कुणाची, असं आजच्या बोलण्याचं नाव आहे. सातबाऱ्यावर, नमुना आठवर ती एखाद्या घराची असेल. पण ती खणली गावानं, तुडवली गावानं, धाड आली तेव्हा तिच्याआड जीव वाचला गावाचा, आणि वेठ सोसली तीही गावानंच. भिंतीच्या आत राहिलेल्यांची ती आहे आणि बाहेर ठेवलेल्यांचीही आहे. म्हणून ती कुठल्या एका शेतात पसरून टाकायची नाही. ती राहील तोवर आपल्या मुलींना बोट दाखवून सांगता येईल, की इथं आपलं गाव घाबरलं होतं, इथं ते उभं राहिलं, आणि इथं कुणावर अन्याय झाला तेही.

तुमच्या गावात गढी असेल तर पुढच्या बैठकीत तिचा विषय घ्या. भेटू या पुढच्या वेळी. नमस्कार.